टँकरच्या गल्लीत पाणी फेकणारा

आमच्या गल्लीत टँकर आला की मी शक्यतो घराबाहेर पडत नाही. बायका हंडे, ड्रम, कॅन लावून उभ्या असतात, कुणाचा पाइप आधी यावरून एकमेकींचा उद्धार चाललेला असतो, आणि अशा वेळी मी खांद्यावर पाइपचं भेंडोळं टाकून स्कूटरला किक मारू लागलो की कुणीतरी हमखास विचारतं, "निघाले का पाणी फेकायला?" यात थट्टा असते, पण थोडा रागही असतो. तो मला मान्य आहे. जालन्यात नळाला पाणी यायचा दिवस असला की माणसं कामावर दांडी मारतात, आणि अशा गावात मी उभा जन्म इमारतींच्या पोटातलं पाणी उपसून गटारात सोडण्यात घालवला. बायकोला हा धंदा कधी पटला नाही. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तिनं पाहुण्यांना 'मोटरचं काम करतात' एवढंच सांगितलं आणि लगेच पोहे आणले.

धंदा तसा साधा आहे. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक. जागेचे भाव वाढले तसे बिल्डर लोक खडक फोडून तळघरं काढू लागले. खडकात तळघर काढणं म्हणजे हौद बांधणं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तरी त्यांनी ऐकलं नाही. उन्हाळ्यात गाळा बघायला आलेल्या माणसाला तो हौद कोरडा ठणठणीत दिसतो. वर पंख्याची हवा, खाली थंडगार फरशी, गिऱ्हाईक खूश. पावसाळ्यात आजूबाजूला मुरलेलं पाणी खडकाच्या फटींतून सरकत सरकत त्याच हौदाकडे येतं. ते पावसाबरोबर येत नाही, ही खरी गोम आहे. पाऊस पडून गेलेला असतो, आभाळ स्वच्छ झालेलं असतं, लोक पापड वाळत घालतात आणि मग फरशीच्या सांध्यातून पाणी डोकावतं.

त्यावर इलाज एकच. फरशीला ढाळ द्यायचा, सगळ्यात खोल कोपऱ्यात एक खड्डा घ्यायचा, त्यात पाण्यात बुडणारी मोटर सोडायची आणि पाइप वर गटारापर्यंत न्यायचा. वर चढलेलं पाणी परत खाली येऊ नये म्हणून पाइपात एक झडप असते. आणि मोटरीला असतो फ्लोट, म्हणजे वायरीला लटकलेला एक पोकळ डबा. तुमच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाण्याबरोबर वर गेला की पाणी बंद करतो. आमचा उलटा. तो वर गेला की मोटर चालू होते आणि खाली आला की बंद. माणूस लागत नाही. तो डबा तरंगला पाहिजे, बस्स.

गिऱ्हाइकं मात्र सरळ भेटत नाहीत. एका कापडवाल्यानं खड्डा ईशान्येला पाहिजे म्हणून हट्ट धरला, कारण पाणी ईशान्येला शुभ. फरशीचा ढाळ नैर्ऋत्येला होता. मी म्हटलं, पाण्याला दिशा कळत नाहीत, उतार कळतो. त्यानं ऐकलं नाही. दोन पावसाळे त्याचं पाणी नैर्ऋत्येला साठलं आणि माझी मोटर ईशान्येला कोरडी बसून राहिली. तिसऱ्या वर्षी त्यानं फरशी उखडून ढाळ बदलला, खड्डा नाही. दुसऱ्या एकानं खड्ड्याची झाकणी दिसायला वाईट दिसते म्हणून तिच्यावर टाइल बसवली आणि वर गल्ला ठेवला. मोटर जळाली तेव्हा मला गल्ल्यासकट मालकाला उठवावं लागलं.

या धंद्याचा एक अलिखित नियम आहे. खाली जे दिसतं ते वर बोलायचं नाही. कुणाच्या भिंतीला चीर आहे, कुणाच्या तळघरात शेजारच्याचं सांडपाणी येतं, हे आम्हाला माहीत असतं. डॉक्टर जसा पेशंटचा आजार चौकात सांगत नाही तसंच. बियाण्यांचा व्यापार करणारे एक शेठ होते. त्यांच्या नव्या इमारतीचं तळघर खोदताना खडकात जिवंत झरा फुटला. पाणी असं की तळाचा खिळासुद्धा दिसावा. माझी मोटर तिथं वैशाखातही अधूनमधून चालायची. पण वरचे गाळे विकायचे होते, आणि तळघरात पाणी लागलंय म्हटल्यावर गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत जाईल, म्हणून शेठनी माझ्याकडून पाइप गटाराच्या फरशीखालून नेऊन घेतला. गाव टँकरच्या मागं पळत होतं आणि त्या फरशीखालून नितळ पाणी वाहत होतं. मी गप्प होतो. आता शेठ नाहीत, गाळेही केव्हाच विकले गेले, म्हणून लिहितोय.

आता सबेरा आपाकडे येतो.

जुन्या बाजारात नाल्याच्या कडेला एक कॉम्प्लेक्स आहे. त्याच्या तळघरातला मोठा गाळा आपाकडे होता. दहा-बारा बायका तिथं शिलाई मशीनवर बसायच्या, काही आपाच्या मोहल्ल्यातल्या, काही आमच्याकडच्या. काम शाळेच्या गणवेशांचं. पांढरा शर्ट, निळी पँट, मुलींना निळा फ्रॉक. परतूर, आष्टी, जाफराबाद या बाजूच्या काही शाळा दरवर्षी तिच्याकडूनच कपडे शिवून घेत. शाळा उघडायच्या दिवशी कपडे पोरांच्या अंगावर पाहिजेत, ही एकच अट. एक वर्ष चुकलं तर काम बाहेरच्या मोठ्या कारखान्याकडे जाईल, हे तिला आणि तिच्या बायकांना पक्कं माहीत होतं. त्या बायकांच्या घरच्या चुली या एका गाळ्यावर होत्या.

मी दर उन्हाळ्याच्या शेवटी मोटर तपासायला जायचो. त्या वर्षी झाकण उचललं तर खड्डा काठोकाठ भरलेला आणि मोटर गप्प. टॉर्च मारली. फ्लोटच्या गळ्यात सलवारीची नाडी घालून तो खाली मोटरीच्या कडीला करकचून बांधलेला. वर येईल कसा?

"आपा, हे काय?"

"नाडी हाय."

"ते दिसतंय मला. फ्लोटला कशाला बांधली?"

आपानं मशीनवरून मान वर केली नाही. "मंग काय करू, भाऊ? तुमची मोटर लई दिलदार हाय. जरा पाणी जमलं की चालली बाहेर फेकून. अन् इकडं मला कापड भिजवायला हंडाभर पाणी मिळून न्हाई राह्यलं."

तेव्हा मला तिच्या धंद्यातली गोष्ट कळली. ताग्यातलं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून ती सगळं कापड कापण्याआधी पाण्यात बुडवून, वाळवून, मगच कात्री लावायची. बाकीचे शिवणारे हे करत नाहीत. कारण त्याला वेळ लागतो आणि पाणी तर भरपूर लागतं. पाणी नळाला नव्हतं, टँकर परवडत नव्हता, आणि तिच्याच गाळ्याच्या कोपऱ्यातून, नाल्याकडून उन्हाळ्यातही झिरपणारं पाणी माझी मोटर रोज बाहेर नेऊन टाकत होती.

मी म्हटलं, "लेकरांची पँट बोटभर आखूड झाली तर असं काय बिघडतं?"

आता तिनं मशीन थांबवली. "तुमचं काय बिघडतं? त्याची पँट घोट्याच्या वर गेली तरी तेच पोरगं ती सालभर घालतं. त्याचा बाप दुसरी घेणार न्हाई. समदी शाळा त्याला हसती. माझ्या हातचा कपडा असा जाणार न्हाई, भाऊ. बिलकुल न्हाई."

मी माझ्या बाजूनं सांगायचं ते सांगितलं. खड्डा रिकामा राहिला पाहिजे, तो रिकामा असणं हेच त्याचं काम आहे. भरलेला खड्डा म्हणजे नुसतं डबकं. बाकीच्या बायका ओठ दाबून हसत होत्या. शेवटी असं ठरलं की मृगाचा पाऊस येईपर्यंत नाडी राहू द्यायची, आणि तो आला की लगेच सोडायची.

"आला की सोडते ना," आपा म्हणाली. "पाऊस काय चोरासारखा येतो का?"

मृग लागला आणि गावात नुसतं आभाळ येऊन जायला लागलं. एका रविवारी दुपारी चार शिंतोडे पडले, धूळसुद्धा बसली नाही. पण नाल्याच्या वरच्या अंगाला, गावाबाहेर, त्या दिवशी चांगला दणकून पडला होता. रविवार, म्हणून गाळा बंद. नाला रात्रीतून फुगला, सकाळपर्यंत ओसरलाही. कुणाला पत्ता लागला नाही. पण वाहता वाहता त्यानं कडेच्या मुरमात पाणी भरून ठेवलं होतं, आणि ते कॉम्प्लेक्सच्या खाली निवांत सरकत आलं.

सोमवारी सकाळी आपाचा फोन आला. ती फक्त "भाऊ, जल्दी या" एवढंच बोलली.

गेलो तर वर लख्ख ऊन, आणि जिन्याखाली तांबडं पाणी. मशीनची पायडलं बुडालेली. उंच फळ्यांवरचे गठ्ठे वाचले होते, पण आष्टीकडच्या शाळेचे तयार कपडे दुसऱ्या दिवशी न्यायचे म्हणून दाराजवळ फरशीवरच रचून ठेवलेले. ते सगळे पाण्यात. पांढरे शर्ट मुरमाच्या गाळात पडले की काय होतं ते सांगायला नको. लाइट चालू होती, मोटर ठीक होती. मी गुडघाभर पाण्यात जाऊन हात घातला, नाडी हाताला लागली, पक्कडीनं कापली. फ्लोट टुणकन वर आला आणि मोटर घुमू लागली. घटकाभरात फरशी दिसायला लागणार होती. ते काम इतकं सोपं होतं की माझाच संताप झाला.

मी चार शब्द सुनावायच्या तयारीनं वळलो. आपा तिसऱ्या पायरीवर उभी होती, मांडीशी एक ओला शर्ट धरून.

"बांधली मीच होती," ती म्हणाली. "आभाळाकडं बघून राह्यले होते मी, भाऊ. खाली बघायचं सुचलंच न्हाई."

मी पक्कड पिशवीत टाकली. तिच्या बायका आपल्याला कुणी काही विचारेल या भीतीनं भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातली एक, कावेरी नावाची, रडत होती. शाळा बुधवारी उघडायच्या होत्या.

आपा मात्र शर्ट उलटापालटा करून बघत होती. तिनं टेप काढली, बाहीला लावली. मग दुसरा शर्ट. मग म्हणाली, "आटला न्हाई. आधीच भिजलेलं कापड हाय, आणखी काय आटंल? नुसती माती हाय. ओली हाय तोवर निघंल. एकदा वाळली की संपलं. भाऊ, मला पाणी पाहिजे. साफ पाणी, अन् लई."

मी जिन्यावरच बसलो. माझ्या मागं माझी मोटर गढूळ पाणी गटारात टाकत होती, हंड्यांनी मोजलं तर गल्लीला दोन दिवस पुरलं असतं, आणि धुवायला घोटभर स्वच्छ पाणी आसपास कुठं नव्हतं. नळाचा वार नव्हता. टँकरवाल्यांना फोन लावले तर सगळ्यांचे टँकर आधीच ठरलेले. ओळखीचा एक ड्रायव्हर सापडला, त्याचा टँकर रिकामा उभा होता, पण ज्या विहिरीवर तो भरायचा तिथली लाइट गेलेली.

म्हणून मी बियाणेवाल्या शेठकडे गेलो.

शेठ गादीवर बसून बियाण्याची पाकिटं बोटांनी चाचपत होते. ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य आलं, "नामदेव, तुला काय सांगितलंय? वरचे गाळे अजून जायचे हायेत. चार बाया माझ्या दारात धुणं घेऊन बसल्या की उद्या समदा बाजार म्हणंल, शेठच्या तळघरात इहीर हाय."

"बाया येणार नाहीत. टँकर येईल."

"टँकर पाणी आणतो. नेतो का कधी?"

खरं होतं. भरल्या उन्हात रिकामा टँकर बियाण्याच्या दुकानातून भरून निघाला तर कुणालाही शंका आली असती. मी सांगितलं, मागच्या बोळात लावतो, फरशी उचलतो आणि पाइपाचं तोंड टाकीत सोडतो, मोटर आपोआप भरेल. शेठनी आणखी दोन पाकिटं चाचपली. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. मग म्हणाले, "कपडे कुणाचे म्हणलास?"

"आष्टीकडच्या पोरांचे. बुधवारी शाळा आहे."

"माझं बियाणं त्याच बाजूला जातं," शेठ म्हणाले, जणू हिशेब तिथं जुळला. "जा. पण कुणी विचारलं तर शेतातल्या इहिरीचं पाणी. माझं नाव घ्यायचं न्हाई."

टँकर भरायला बराच वेळ लागला. झऱ्याचं पाणी आपल्या चालीनं येतं, त्याला घाई सांगता येत नाही. खड्डा भरायचा, मोटर चालायची, थांबायची. मी त्या बोळात गटाराच्या फरशीवर बसून ती धार टँकरमध्ये पडताना ऐकत होतो. इतकी वर्षं मी ही धार गटाराकडे वळवली. त्यात माझी चूक होती असं नाही, ते माझं काम होतं. पण त्या दुपारी मला त्याचं वाईट वाटलं, आणि असं वाटायला इतकी वर्षं का लागावीत, याचंही वाईट वाटलं.

कॉम्प्लेक्ससमोर बायकांनी बादल्या, घमेली, लग्नाच्या स्वयंपाकाची भाड्याची पातेली मांडली होती. टँकरची नळी सुटली आणि काम सुरू झालं. एकीनं पहिल्या पाण्यात हिसळायचं, दुसरीनं साबण, तिसरीनं पायानं तुडवायचं, शेवटी दोघींनी दोन टोकांनी पिळायचं. कावेरीचं रडणं थांबलं होतं, आता ती कपडे बरोबर पिळत नाही म्हणून दुसरीला बोलत होती. शेजारच्या भांडीवाल्यानं, चपलावाल्यानं, वरच्या सायबर कॅफेवाल्यानं आपापल्या गॅलऱ्या आणि गच्च्या वाळत घालायला दिल्या. बाजारभर पांढरे शर्ट लटकले होते. मी नळी धरून उभा होतो. पाणी फेकणाऱ्या माणसाला पाणी देताना बघून ओळखीचे लोक थांबून बघत होते, आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

आपानं पहिल्या पातेल्यात हात घातला आणि तो तसाच आत ठेवला.

"भाऊ, टँकरचं पाणी या दिवसांत कोमट असतं. हे तर माठातलं वाटून राह्यलं."

"शेतातल्या विहिरीचं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. जिचा सगळा जन्म पाण्यात कापड भिजवण्यात गेला तिला काय सांगायचं? ती हसली. "बराबर," म्हणाली. "शेतातल्या इहिरीचंच असंल." आणि पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. ती आमच्या धंद्यात असती तर उत्तम झाली असती.

मंगळवारी आभाळ भरून आलं. पडला नाही, पण ऊनही नीट पडलं नाही. बायकांनी इस्त्र्या फिरवून फिरवून शर्ट सुकवले. पँटी जाड, त्या राहिल्या. दुपारी आष्टीकडचे हेडमास्तर वडापची जीप घेऊन आले. उंच, किडकिडीत गृहस्थ, घामानं भिजलेले. गठ्ठे बांधलेले बघून ते खूश झाले, मग सवयीनं एका पँटीला हात लावला आणि थांबले.

"आपा, ही ओली हाय."

गाळ्यातल्या सगळ्या मशीन एकदम थांबल्या. आपानं काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. नाडीसुद्धा सांगितली. पाणी कुठून आलं ते सांगितलं नाही. मग गळ्यातली टेप काढून मास्तरांच्या हातात दिली.

"मापून घ्या, सर. माप चुकलं असंल तर एक बी नेऊ नका."

मास्तरांनी खरंच मापलं. एक पँट, दुसरी, मग गठ्ठ्याच्या मधूनच ओढून तिसरी. नंतर टेप परत दिली, घडी करून.

"आमच्या शाळेला तारेचं लांबलचक कुंपण हाय," ते म्हणाले. "सकाळपर्यंत वाळतील. न्हाई वाळल्या तर प्रार्थनेला पोरायला उन्हात उभं करतो. अंगावर वाळतील."

कावेरी आणि बाकीच्या बायका इतक्या जोरात हसल्या की वरचा चपलावाला जिन्यात येऊन वाकून बघू लागला. आपा हसली नाही. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मशीनच्या खाली काहीतरी शोधत असल्यासारखी वाकून राहिली.

मी आणि ड्रायव्हरनं गठ्ठे जीपच्या टपावर चढवले. पँटीचा गठ्ठा सगळ्यात मागं बांधला. जीप निघाली तेव्हा त्याच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं, रस्त्यावर थेंबांची रेघ उमटत चालली होती. गळतं पाणी दिसलं की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो. त्या दिवशी मी हात खिशात घातले आणि जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते गळू दिलं.